आजोबा यादीत आले नाहीत

"दोन तासांचं काम आहे!" हे वाक्य नितेशच्या तोंडी इतकं बसलं होतं, की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने हेच सांगितलं असतं. काम कुठलं, कोणाचं, किती जुनं, हे विचारायच्या भानगडीत तो पडत नसे. साकीनाक्याला एका वेल्डिंगच्या कारखान्याच्या डोक्यावर त्याचं ऑफिस होतं. खालच्या मजल्यावर ठिणग्या उडत आणि वरच्या मजल्यावर नितेश. तो लोकांच्या वेबसाइट बांधायचा आणि त्या कोसळल्या की खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडायचा. वेबसाइट तो बऱ्या बांधायचा, पण खापर फोडण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

त्या शनिवारी सकाळी हे वाक्य त्याने मुलुंडला, होणाऱ्या सासऱ्यांच्या दिवाणखान्यात म्हटलं. समोर कांदेपोहे, शेजारी निधी, आणि आरामखुर्चीत श्यामसुंदरराव. श्यामसुंदररावांचं आयुष्य विमा कंपनीत गेलेलं. त्यामुळे समोरच्या माणसाकडे ते 'हा कधी बुडणार' अशाच नजरेने पाहत.

"म्हणजे नक्की करणार काय तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"काका, आपल्या मंडळाची वेबसाइट एका जुन्या सांगाड्यावर उभी आहे. फ्रेमवर्क म्हणतात त्याला. मी ती उचलून नव्या सांगाड्यावर ठेवणार. घर तेच, पाया नवा!"

"घर उचलून?"

"म्हणजे... तसं म्हणायचं आपलं."

"आतल्या माणसांसकट?"

नितेश मोठ्याने हसला. श्यामसुंदरराव हसले नाहीत. त्यांनी विनोद केलाच नव्हता.

हे काम नितेशने अंगावर घेतलं होतं ते लग्नाच्या हॉलपायी. दशक्रोशी मंडळाचा भांडुपचा हॉल मे महिन्यात मिळणं म्हणजे नशिबाची गोष्ट. लोक मूल शाळेत जायला लागल्यापासून तारीख सांगून ठेवतात. मंडळाचे सेक्रेटरी गुणाजीकाका. त्यांनी ती तारीख नितेश-निधीच्या लग्नाला काढून दिली, पण अट घातली. होस्टिंग कंपनीने, म्हणजे जिच्या सर्व्हरवर ती वेबसाइट राहत होती तिने, जुन्या आवृत्तीचा गाशा गुंडाळायची नोटीस दिली होती. ते काम नितेशने फुकट करून द्यायचं. नितेशला वाटलं, हॉल स्वस्तात पडला.

निधी त्याला लिफ्टपर्यंत सोडायला आली. ती फिजिओथेरपिस्ट होती. कुठल्या माणसाचं काय दुखतंय ते त्याच्या चालण्यावरून ओळखायची.

"नितेश, नोटीस जूनपर्यंतची आहे ना? मग लग्न होऊन जाऊ दे की रे. आत्ता चालतंय, तर हात कशाला लावतोस?"

"अगं, दोन तासांचं काम आहे! तुला नाही कळायचं त्यातलं."

"त्यातलं नाही कळत," निधी म्हणाली, "तुझ्यातलं कळतं."

नितेशने तिच्याकडे पाहून डोळा मारला आणि लिफ्टचं बटण दाबलं.

आता मंडळाविषयी थोडं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा शिमगा तिथलाच आहे. गुणाजीकाका मूळचे गिरणीतले जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम. नितेशचे वडील त्यांच्या हाताखाली होते. गिरणी गेली, वडील गेले, पण गुणाजीकाकांचा जॉबरपणा गेला नाही. मंडळ ते गिरणीसारखंच चालवत आणि त्यांचे दोन नियम होते.

पहिला नियम, मंडळातून कोणाचंही नाव काढायचं नाही. वर्गणी, सत्कार, शोकसभा, शिष्यवृत्ती आणि वधू-वर सूचक केंद्र, सगळ्याला मिळून एकच डेटाबेस. लग्न ठरलं की नावापुढे 'ठरलं' अशी खूण करायची, माणूस गेला की 'वारले' अशी. नाव मात्र राहणार. "माणूस मेलो म्हणान मंडळातसून जाता काय?" असं ते विचारत.

दुसरा नियम जास्त कडक. पालकाच्या सहीशिवाय वधू-वर यादीत नाव चढत नाही आणि उतरत नाही. एकदा लागलेली 'ठरलं'ची खूण काढायची, तर दोन्हीकडच्या पालकांनी लग्न मोडल्याचं लिहून द्यायचं. या नियमाला इतिहास होता. एका बापाने मुलीचं एकीकडे ठरवून ठेवलं आणि याहून बरं काही गळाला लागतंय का बघायला तिचं नाव यादीतही राहू दिलं. ते उघडकीला आलं तेव्हा मंडळाच्या हॉलमध्ये खुर्च्या उडाल्या होत्या. तेव्हापासून ठरलेल्या मुलामुलीचं नाव यादीत दिसलं, की दशक्रोशीतल्या कुठल्याही माणसाने एकच अर्थ काढायचा. बापाने सही केली!

शनिवारी दुपारी नितेश भांडुपच्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. पलीकडे त्याची आई, प्रेमा, कोळंबी सोलत होती. नितेशने नवी आवृत्ती चढवली आणि पडदा लालभडक झाला. अमुक शब्द आता चालत नाही, तमुक गोष्ट काढून टाकली, डेटाबेस सापडत नाही!

"काय रे, बिघडलं का?" आईने विचारलं.

"बिघडेल कशाला? बघ आता!"

आणि खरोखर, त्याने एकेक एरर शोधून काढली आणि निपटली. कोळंबी संपली, एरर संपल्या नव्हत्या. भात झाला, कालवण झालं, आईची दुपारची झोप झाली, आणि चहाच्या वेळेला पडदा स्वच्छ झाला. बोंब मारणारी चूक निस्तरणं सोपं असतं. तिच्या आवाजाच्या दिशेने जायचं. गप्प बसणाऱ्या चुकीचं काय करायचं, याचा नितेशने कधी विचार केला नव्हता.

तशी ती अगदीच गप्प नव्हती. जुनी साइट गेली काही वर्षं पिवळ्या अक्षरांत सांगत होती, की 'पुढच्या आवृत्तीत या ओळीचा अर्थ बदलणार आहे, लक्ष असू द्या'. ती साइट मुळात नितेशनेच बांधलेली आणि तोच सांभाळायचा, पण डोळ्यांपुढे सारखं पिवळं पिवळं यायचं म्हणून नितेशने केव्हातरी त्या सूचनाच बंद करून टाकल्या होत्या.

आता राहिली चाचणी. वारलेला माणूस वधू-वर यादीत येता कामा नये. नितेशने आपल्या आजोबांचं नाव टाकून शोधलं. आजोबा जाऊन जमाना झाला होता. शोधलं, आणि यादीत आजोबा आले नाहीत.

"झकास!" नितेश ओरडला आणि त्याने निधीला मेसेज टाकला, 'झालं! म्हटलं होतं ना?'

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी ही यादी आपोआप सगळ्या पालकांच्या फोनवर जाते. वेळ गुणाजीकाकांनी निवडलेली. बाजारात जाऊन पापलेटचा भाव ऐकण्याआधी माणूस जरा प्रसन्न असतो, हा त्यांचा अनुभव. त्या रविवारीही यादी वेळेवर गेली. नेहमीपेक्षा बरीच लांब होती, पण लग्नसराई आहे म्हणून कोणाला नवल वाटलं नाही.

पहिला फोन गुणाजीकाकांचाच आला.

"नितेश! शिवराम तुका म्हायत आसा मा? तुझ्या बापाशीचो दोस्त?"

"ते गेल्या वर्षी वारले ते?"

"तोच! तेच्या भावाक आता फोन इलो. मुलग्याक बघूक कधी येव, म्हणान!"

शिवरामने लग्न केलं नव्हतं. त्याच्या माहितीत लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं. निर्व्यसनी, गावी स्वतःचं घर, स्वभाव शांत. गेल्या वर्षभरात तर फारच शांत. घाटकोपरचे एक गृहस्थ ते वाचून इतके खूश झाले होते, की पत्रिकाही बघायची नाही म्हणत होते.

तो फोन ठेवतोय तोच गोवंडीच्या चैतन्यचा. हा दोन मुलांचा बाप.

"नितेश, साल्या, माझी वाट लावलीस! माझं नाव यादीत कसं?"

"तुझं? तू तर..."

"लोकांनी चौकशीला फोन कुणाला केला माहितीये? माझ्या सासूला! ती आमच्याच चाळीत राहते ना! मुलगा कसा आहे, तुम्ही ओळखत असाल, असं विचारलं!"

"मग?"

"मग काय? सांगितलं तिने! पाऊण तास सांगत होती! आयुष्यात पहिल्यांदा तिला कोणीतरी विचारलं ना!"

आजन्म अविवाहित राहून चारच महिन्यांपूर्वी गेलेल्या सुंदराबाई मास्तरीण, त्यांच्या भाच्याला एका विधुराने फोन केला. नातवंडं असलेल्या एका काकूंना विचारणा आली, तेव्हा त्यांनी आधी मुलाचा पगार विचारून घेतला आणि मग नकार दिला. तासाभरात मंडळाचा फोन तापून निघाला आणि गुणाजीकाका परत नितेशवर आले.

"ह्यां काय करून ठेवलंस रे?"

इथे नितेशला एक वाक्य बोलता आलं असतं. 'काका, कालच हात लावलाय, माझंच काहीतरी चुकलं असणार.' सोपं वाक्य होतं. पण दहा वर्षांची सवय आडवी आली.

"काका, माझ्याकडून सगळं बरोबर आहे. होस्टिंगवाल्यांचा घोळ आहे. सर्व्हर त्यांचा ना!"

"ह्यो सर्वर खंय रवता? बोलव तेका हॉलवर!"

"तो माणूस नाही काका..."

"माणूस नाय तर तेचो मुकादम कोण तो सांग!"

शेवटी ठरलं, की सगळ्यांना ताबडतोब खुलासा पाठवायचा. नितेशने घाईघाईत मजकूर टाइप केला. 'होस्टिंग कंपनीच्या चुकीमुळे मंडळाचे काही विवाहित व कैलासवासी सभासद आजच्या यादीत आले आहेत. त्यांचा विचार करू नये. इतर स्थळे कायम आहेत.' गुणाजीकाकांनी फोनवर ऐकून मान्यता दिली आणि तो घरोघर गेला. नितेशने लॅपटॉप उघडला.

तेवढ्यात आईचा आवाज आला. ती चष्मा लावून, यादी पहिल्यापासून वाचत होती. मुलाचं ठरलं तरी तिची ही सवय सुटली नव्हती.

"नितेश, फिजिओथेरपिस्ट, मुलुंड... ही आपली निधी ना रे?"

निधीचं लग्न ठरलं होतं, झालं नव्हतं. ती विवाहित नव्हती आणि देवाच्या दयेने कैलासवासीही नव्हती. म्हणजे त्याच्याच खुलाशाप्रमाणे, निधी कायम होती! आणि चार ओळी खाली, सॉफ्टवेअर, भांडुप, एकुलता एक, तोही कायम होता.

"आई, थांब, फोन करू नकोस, हे काय झालंय..."

आईने फोन लावलेला होता. पलीकडे निधीची आई, पद्मजाताई.

"पद्मजाताई, निधीचं नाव यादीत कसं काय?"

"अहो, मी तेच विचारायला तुम्हाला लावत होते. नितेशचं कसं काय?"

"आम्ही सही केलेली नाही!"

"मग आम्ही केलीय होय?"

"मी कुठे तसं म्हटलं? पण सहीशिवाय नाव चढत नाही, हे काय तुम्हाला ठाऊक नाही?"

"आम्हाला ठाऊक आहे, म्हणूनच तर आम्ही सकाळपासून सुन्न होऊन बसलोय!"

"आई, फोन दे," नितेश म्हणाला. आईने त्याला हाताने झटकलं.

"आमच्या नितेशला काय कमी नाही हो! सकाळपासून स्थळांची रांग लागलीये!"

रांग म्हणजे सकाळी आईला एक फोन आला होता, आणि तिने तो गैरसमज समजून सोडून दिला होता. त्या गृहस्थांनीही बोलणं संपताना चैतन्यचा नंबर मागितला होता. पण पद्मजाताईंना हे कुठून माहीत असणार? त्यांनी 'रांग' हा शब्द ऐकला, आणि इतका वेळ जी नुसती शंका होती तिची त्यांना खात्री झाली.

"असं का? मग ऐका. आमच्या निधीसाठी घाटकोपरच्या डेंटिस्टचा फोन आलाय. स्वतःचं क्लिनिक आहे. मी त्यांना नाही म्हणणार होते. आता विचार करून सांगते!"

फोन बंद झाला. आईने पदराने डोळे पुसले आणि नितेशकडे पाहिलं. "बघितलंस? क्लिनिकवाला मिळाल्यावर सही केली त्यांनी."

"आई, सही कोणीच केलेली नाही गं! काँप्युटरची चूक आहे!"

"काँप्युटर काय सही करतो?"

नितेश लॅपटॉपपुढे बसला. त्याने परत आजोबांना शोधलं. आले नाहीत. मग त्याने आजोबांच्या धाकट्या भावाला शोधलं. ते ब्रह्मचारी राहून वारले होते. ते आले! फोटोसकट, काळी टोपी घालून, उंची पाच फूट चार इंच, अपेक्षा काही नाही!

तेव्हा कुठे त्याला उजेड पडला. वधू-वर यादी बनवणाऱ्या प्रश्नात त्याने एकाच ओळीत दोन अटी एकत्र लिहिल्या होत्या, की 'ठरलं' आणि 'वारले' या खुणांची माणसं वगळ. जुनी आवृत्ती त्याचा अर्थ घ्यायची, की यातली एक जरी खूण असली तरी वगळ. नवी आवृत्ती अर्थ घेत होती, की दोन्ही असतील तरच वगळ! म्हणजे जिवंत असून लग्न ठरलेले किंवा झालेले, सगळे आत. वारलेले पण लग्न न झालेले, तेही आत. बाहेर राहिले ते फक्त लग्न करून वारलेले. आणि अख्ख्या दशक्रोशीतून चाचणीसाठी नितेशने नेमका असा माणूस निवडला होता, ज्याने दोन्ही कामं उरकली होती.

एका ओळीच्या दोन ओळी केल्या, आणि यादी सुतासारखी सरळ झाली. दोन तास कशाला, दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

लॅपटॉप पोटाशी धरून नितेश रिक्षाने मुलुंडला गेला. दार श्यामसुंदररावांनीच उघडलं. या वेळी पोहे नव्हते. डायनिंग टेबलाशी निधी बसली होती आणि तिच्या मागे पद्मजाताई उभ्या होत्या.

"काका, चूक माझी आहे," नितेशने आत पाऊल टाकताच सांगितलं. रिक्षात घोकून ठेवलं होतं. "सही कोणी केलेली नाही. तुम्हीही नाही, आईनेही नाही. मी काल जे केलं त्यात एक ओळ चुकली. हे बघा, मी दाखवतो."

श्यामसुंदररावांनी लॅपटॉपकडे पाहिलंच नाही. त्यांनी खिशातून फोन काढला, चष्मा वर केला आणि वाचलं. "'होस्टिंग कंपनीच्या चुकीमुळे.' हा मजकूर कोणाचा?"

"माझाच. पण तेव्हा मला माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं, तरी दुसऱ्याचं नाव लिहून मोकळे झालात?"

नितेशने अर्धवट उघडलेला लॅपटॉप मिटला.

"म्हणजे सकाळी होस्टिंगवाल्यांची चूक. दुपारी तुमच्याकडे स्थळांची रांग. आता संध्याकाळी तुमची चूक, आणि ती दाखवायला लॅपटॉप. मी जन्मभर क्लेम तपासले, नितेशराव. येणारा प्रत्येक जण कागद घेऊनच येतो."

"बाबा, तो खरं बोलतोय," निधी म्हणाली.

"आत्ता बोलत असेलही," श्यामसुंदरराव म्हणाले. तेवढ्यात आत फोन वाजला. पद्मजाताई आत गेल्या आणि दार लोटून हळू आवाजात बोलायला लागल्या. डेंटिस्टच्या आईचाच फोन होता. मुलाचं नाव देवेश, हे नितेशला बाहेर बसून कळलं.

निधी त्याला सोडायला खाली, गेटपर्यंत आली. आदल्या दिवशी लिफ्टपर्यंत आली होती.

"तुझा तरी विश्वास आहे ना?" नितेशने विचारलं.

"आहे ना. सही तुम्ही केली नाहीत, आम्ही केली नाही. शंभर टक्के विश्वास आहे."

"मग प्रॉब्लेम काय आहे यार? आता फिक्स झालंय सगळं! आणि खरं सांगू, जुनी साइट मला कधीपासून सांगत होती, की ही ओळ पुढे गोत्यात आणणार म्हणून. मीच त्या सूचना बंद करून टाकल्या होत्या. बघायलाच नकोत म्हणून!" हे त्याने काहीशा कौतुकाने सांगितलं, आपण किती प्रामाणिक झालोय ते दाखवायला.

निधी हसली, पण ते हसू बरं नव्हतं.

"मी पण काल सांगितलं होतं, लग्न होईपर्यंत थांब. तू लिफ्टचं बटण दाबलंस."

"अगं, ते वेगळं..."

"सकाळी मी तुला तीन फोन केले. तू उचलले नाहीस. एकदा उचलून म्हणाला असतास ना, निधी, माझ्याकडून घोळ झालाय, आईला आवर, बाबांना आवर, तर मी दहा मिनिटांत दोघांना गप्प केलं असतं. पण तू लोकांना खुलासे पाठवत बसलास. तेही खोटे."

"घाबरलो होतो गं."

"माहितीये. तू घाबरलास की दुसऱ्याचं नाव सांगतोस. उद्या घरात काही झालं, तर कोणाचं सांगशील? तिथे होस्टिंगवाले नसतील रे. मी असेन."

नितेशला पुष्कळ बोलायचं होतं. पण त्याच्या हातात लॅपटॉप होता आणि लॅपटॉपवर जे दाखवता येईल तेवढंच त्याने तयार करून आणलं होतं. निधी वळली आणि आत गेली. तिच्या चालण्यात काही दुखत असल्याचं दिसलं नाही. निदान त्याला तरी दिसलं नाही, त्याला ती विद्या येत नव्हती.

लग्न कोणी मोडलं असं नाही. भांडुपची माणसं मुलुंडच्या फोनची वाट पाहत राहिली आणि मुलुंडची भांडुपच्या. नितेशने निधीला मेसेज केले; ते पोचले, वाचले गेले, आणि तिथेच राहिले. यादी दुरुस्त करून परत पाठवली, गुणाजीकाकांनी स्वतः मुलुंडला फोन करून सांगितलं, पण तोवर प्रश्न यादीचा उरला नव्हता.

मे महिना आला. हॉलची तारीख रीतीप्रमाणे वधूपक्षाच्या नावावर होती. त्यामुळे हॉल तोच, तारीख तीच, केटरर तोच, सोलकढीसुद्धा तीच. नवरा तेवढा अपग्रेड झाला. डेंटिस्ट असल्यामुळे लग्नात सगळ्यांनी तोंडभर हसून फोटो काढले, असं चैतन्यने सांगितलं. चैतन्य सासूला घेऊन गेला होता. लग्नाचं निमंत्रण मंडळाच्या वेबसाइटवरूनच सगळ्या सभासदांना गेलं, आणि नितेशने इतकं पक्कं काम केलं होतं, की ते एका घरीसुद्धा चुकलं नाही. त्याच्या घरी तर आईला वेगळं आणि त्याला वेगळं आलं.

पुढे महिनाभराने आई त्याला धरून गुणाजीकाकांकडे घेऊन गेली.

"भावजी, झालं ते झालं. आता याचं नाव परत यादीत घाला. मी सही करते."

गुणाजीकाकांनी काँप्युटर उघडला, बोटाने ओळ शोधली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "घालूचा कसा? हेच्या नावाफुडे 'ठरलं' अशी खूण आसा."

"मोडलं ना पण ते!"

"मोडला तर दोनय पालकांनी लिहून दिवक व्हया. तुझी सही झाली. श्यामसुंदरची खंय आसा?"

श्यामसुंदरराव सही देणार नव्हते. गुणाजीकाकांनी त्यांना आधीच विचारून पाहिलं होतं. 'मोडलं' असं लिहून दिलं तर आपल्या मुलीचं एकदा मोडलं होतं असं कायमचं दप्तरी लागेल, आणि नव्या जावयाकडच्यांनी ते का वाचावं? त्यांचं म्हणणं, आमच्याकडून काही ठरलंच नव्हतं. आणि जे ठरलंच नाही ते मोडल्याचं लिहून कसं देणार? विम्यातला माणूस. त्याच्या शब्दात फट सापडणं शक्य नव्हतं.

नितेश पुढे सरसावला. "काका, द्या इकडे. मी काढतो ती खूण. दोन..."

"हात लावूचो नाय!" गुणाजीकाका असे गरजले, की बाहेर कॅरम खेळणारे थांबले. "पासवर्ड बदललो मी. तूच सांगलंस मा, आता सगळा बरोबर चालता म्हणान? मग चलांदे!"

"मग याचं नाव यादीत येणार तरी कधी?" आईने रडवेल्या आवाजात विचारलं.

गुणाजीकाकांनी प्रश्नाचा मनापासून विचार केला. वाईट माणूस नव्हता तो. "ही खूण काढूक दोन सही लागतत," ते म्हणाले. "दुसरी, 'वारले'ची खूण लावूक एकय सही लागणा नाय. पण ती लागली तरी यादीत येवचो नाय तो. आता येक जरी खूण असली तरी बाहेर."

हे नितेशइतकं चांगलं कोणाला माहीत होतं?

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी यादी वेळेवर आली. आई चष्मा लावून मासे निवडत होती, तिने यादी उघडली नाही. नितेशने उघडली. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, मग उलटी वाचली. शिवराम नव्हता, चैतन्य नव्हता, सुंदराबाई मास्तरीण नव्हत्या, निधी नव्हती.

आजोबा यादीत आले नाहीत. नितेशही आला नाही. दुरुस्ती अगदी झकास झाली होती.